चौदा पाती आणि मालनताईंचा फणस

धाकू मेस्त्री यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र २००६ सालच्या मे महिन्यातलं, निळं आंतर्देशीय. गेल्या डिसेंबरात पुस्तकं झटकताना ते पुन्हा माझ्या पायाशी पडलं. तसं ते वर्ष-दीड वर्षाने पडतंच. मी त्याचा खूण म्हणून उपयोग करतो आणि एक पुस्तक संपलं की दुसऱ्यात ठेवतो. ते हरवावं अशी माझी इच्छा नव्हती, आणि सतत डोळ्यांसमोर असावं अशीही नव्हती.

मी ग्रंथपाल होतो. नोकरीत असताना प्राचीन शस्त्रांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. तेच पहिलं आणि तेच शेवटचं. पाचशे प्रतींपैकी तीनशे अजून आमच्या मुलुंडच्या घराच्या माळ्यावर आहेत. उरलेल्यांपैकी एक प्रत कुडाळजवळच्या एका वाचनालयात कशी पोचली देव जाणे. पण पोचली, आणि धाकू मेस्त्रींनी ती वाचली. वाचून त्यांनी लिहिलं :

'सा. न. वि. वि. आपण पान बेचाळीसवर लिहिता की मेक्सिकोचे ॲझ्टेक लोक लाकडी फळीच्या दोन्ही कडांना खाच पाडून त्यात काळ्या दगडाची पाती सहज बसवीत. मी धंद्याने सुतार. तशी फळी केली. गारगोटीची पाती करून बसवली. तीन वेळा निसटली. माझ्या हातात काही चूक असेल तर कळवावी. दगड बसतो कसा?'

आता कबुलीच द्यायची तर पुरती देतो. मी तोवर पटाशी हातात धरलेली नव्हती. तीन इंग्रजी पुस्तकं समोर ठेवून मी माझं पुस्तक रचलं होतं. त्या तिन्हींतही दगड खाचेत बसवत एवढंच होतं. 'सहज' हा शब्द माझा. वाक्य जरा तोकडं वाटत होतं म्हणून घातला. आणि त्या एका शब्दापायी कोकणातला एक चांगला सुतार स्वतःच्या हाताला दोष देत बसला होता.

उत्तराचे चार मसुदे मी केले होते. पहिल्यात प्रकृतीची चौकशी करून थांबलो. दुसऱ्यात त्यांच्या जिज्ञासेचं कौतुक केलं. तिसऱ्यात अधिक संदर्भ पाहून कळवतो असं म्हटलं. चौथा मी फाडला, कारण त्यात मी त्यांना गारगोटीच्या जातीबद्दल उपदेश केला होता.

डिसेंबरात पत्र पडलं तेव्हा मात्र एक विचित्र गोष्ट झाली. लाज वाटायच्या आधी मला कुतूहल वाटलं. खरंच, दगड बसतो कसा? या तलवारीचं नाव माक्वाहुइत्ल. (हे नाव मी वीस वर्षं मनात म्हणत होतो, मोठ्याने कधीच नाही.) तिने घोड्याचं मुंडकं उडत असे असं स्पेनचे लोक लिहून गेलेत. जगातली शेवटची अस्सल तलवार एकोणिसाव्या शतकात माद्रिदच्या एका आगीत जळाली. म्हणजे जाऊन बघायचीही सोय नाही. जाणून घ्यायचं तर करूनच बघायला हवं, आणि तेही जुन्याच सामानाने : लाकूड, दगड, राळ. खिळा नाही, दुकानातला गोंद नाही. नाहीतर मेस्त्रींना काय सांगणार?

"मी एक तलवार करणार आहे," मी जयंतीला म्हणालो. जयंती माझी बायको.

ती मेथी निवडत होती. "आधी बाथरूमचा नळ करा," ती म्हणाली.

लाकडाचा प्रश्न माळ्यावर सुटला. तिथे माझ्या पुस्तकांखाली शिसवाची एक जुनी फळी होती. चांगली जाड, काळपट, वजनदार. मी ती काढली, खडूने आकार आखला, अर्धी कापली, आणि मग जयंती चहा घेऊन आली.

"ही फळी कुठली?"

"माळ्यावर पडली होती."

"पडली नव्हती, ठेवली होती. माझ्या माहेरच्या पलंगाची आहे ती! उशाकडची!"

पलंगाची बाकीची अंगं कुठे आहेत असं मी विचारलं. हा प्रश्न चुकला. पलंगाचे दोन पाय तिच्या भावाकडे डोंबिवलीला आहेत, उरलेले दोन कोणी नेले कळत नाही, आणि एके दिवशी हे सगळं जुळून पलंग उभा राहणार होता. आता त्याला उशाच नाही. पुढचे आठ दिवस मला चहा मिळाला, पण मुकाट्याने मिळाला.

मग दगड. ॲझ्टेक लोक ऑब्सिडियन वापरत, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच. गंमत बघा, आपला निम्मा महाराष्ट्र लाव्हावर बसलेला आहे. अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा लाव्हाचा अख्खा खांब इमारतींच्या मधोमध उभा आहे. पण ही काच मात्र आपल्याकडे सहसा सापडत नाही. तिला झटपट थंड व्हावं लागतं. आपल्याकडचा लाव्हा सावकाश, जेवण झाल्यासारखा पसरला. त्यामुळे मला मालाडच्या एका दुकानात जावं लागलं. तिथे जगभरचे दगड मिळतात, पण मुख्य धंदा पीडा घालवण्याचा.

"काका, रास कोणती?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"मला फक्त दगड हवाय. काळा."

"हो, पण काळा निगेटिव्हिटीसाठी असतो. कोणी त्रास देतंय का?"

माझ्या डोळ्यांसमोर निळं आंतर्देशीय आलं. "एक गृहस्थ आहेत," मी म्हणालो. "एकोणीस वर्षं."

ती एकदम गंभीर झाली. "मग पिरॅमिड नका घेऊ. रॉ पीसच घ्या, मोठा. आणि बेडरूममध्ये ठेवू नका हां."

मी दोन किलोचा गोळा घेऊन घरी आलो. दगडाची पाती काढायला हरणाच्या शिंगाचं टोक लागतं असं पुस्तकात होतं. शिंग बाळगणं गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. तांब्याचं टोकही चालतं असंही एके ठिकाणी होतं. आता मुलुंडच्या मध्यमवर्गीय घरात निमुळती, टोकदार, भरीव तांब्याची वस्तू कोणती? मी पूजेची पळी घेतली. तिच्या टोकाला नागाची फणा आहे. फणा दगडाच्या काठावर टेकवायची आणि अंगठ्याने सावकाश दाबायची.

पहिले बारा दिवस नुसता चुरा झाला. तेराव्या दिवशी टक् असा बारीक आवाज आला आणि तळहातावर एक पातं पडलं. बोटाच्या पेराएवढं. उजेडात धरलं तर काठावर कोऱ्या चहासारखा रंग दिसत होता. वर्तमानपत्राच्या कडेवर ठेवलं आणि कागद दुभंगला, आवाजसुद्धा न करता. मी खुर्चीत बसून राहिलो. सत्तरी उलटलेल्या माणसाला आपल्या हातून काही झालं असं वाटण्याचे प्रसंग थोडे असतात. माझ्या अंगठ्यातून रक्त येतंय हे मला जयंतीने सांगितलं. पळीची फणा वाकल्याचंही तिनेच सांगितलं, जरा जास्त मोठ्याने.

चौदा पाती व्हायला फेब्रुवारी उजाडला. आता राळ. काष्ठौषधींच्या दुकानातून पाव किलो आणली आणि जयंतीच्या सांगण्यावरून ('माझ्या गॅसवर नाही!') गच्चीवर शेगडी पेटवून वितळवायला ठेवली. राळ धूप म्हणूनही जाळतात हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं वेळेवर आठवेल तर मी ग्रंथपाल कशाला झालो असतो? पांढरा सुवासिक धूर बी विंगवरून ए विंगवर गेला. दहा मिनिटांत दोन बायका हात जोडून गच्चीवर आल्या आणि आरती झाली का म्हणून विचारू लागल्या. मी शेगडीसमोर उकिडवा बसलेला, समोर काळे दगड मांडलेले, अंगठ्याला रक्ताळलेलं फडकं. एकीने नमस्काराचे हात हळूच सोडले. दोघी मागच्या मागे उतरल्या.

संध्याकाळी फलकावर सूचना लागली : 'गच्चीवर विनापरवाना विधी करण्यास सक्त मनाई आहे.' पाठोपाठ आमचे सेक्रेटरी नंदकुमार प्रधान घरी आले. प्रधान सभ्य माणूस. फक्त प्रत्येक वाक्य इतिवृत्तात जाणार असल्यासारखं बोलतात.

"काका, तुम्ही नक्की काय करताय? मला सभासदांना उत्तर द्यायचंय."

"तलवार."

"तलवार?" त्यांनी चष्मा काढला. "पोलीस परमिशन आहे?"

दुसरा कोणी असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण मला आयुष्यभर वाटत आलंय की नियम नावाची गोष्ट फक्त माझी वाट बघत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी आपल्या पायांनी पोलीस चौकीत गेलो.

टेबलाशी एक हवालदार बाई होत्या. शांत, फार झोप न झालेल्या.

"बोला काका."

"मला एक हत्यार करायचंय. परवानगी लागते का?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणाशी भांडण आहे का?"

"नाही."

"सोसायटीत?"

"सोसायटीत आहे, पण इतकं नाही."

"मग हत्यार कशाला?"

"एका पत्राचं उत्तर द्यायचंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी सगळं सांगितलं : मेस्त्री, पान बेचाळीस, 'सहज'. त्या ऐकत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "पातं किती लांब? नऊ इंचाच्या वर असेल तर भानगड आहे."

"पाती चौदा आहेत. प्रत्येकी दीड इंच."

"म्हणजे एका बाजूला सात." त्यांनी कागदावर मांडलं. "साडेदहा. पण एकसंध नाही. आता याची बेरीज धरायची की नाही?"

मलाही तो प्रश्न फार आवडला. आम्ही दोघांनी त्यावर बराच विचार केला. दोन पात्यांमध्ये फट ठेवली तर? मग ती करवत होते का? बाई आतल्या साहेबांना विचारून आल्या. "साहेब म्हणाले, आजवर असं विचारायला कोणी आलेलंच नाही. सोसायटीचं पत्र आणा. आणि ते हत्यार घेऊन गेटबाहेर पडू नका. आणि काका," दाराशी त्यांनी मला थांबवलं, "दगड बसला तर मलाही सांगा."

प्रधान म्हणाले, आधी पोलिसांचं पत्र आणा, मग सोसायटी देईल. मी चौकीकडे जायला वळलो तेव्हा जयंतीने माझा हात धरला आणि सरळ कमिटीच्या मीटिंगमध्ये नेलं.

"प्रधान, लिहा," ती म्हणाली. "यांच्या हातून बत्तीस वर्षांत नारळ धड फुटलेला नाही. गेल्या गणपतीत फोडायला गेले तर सुटून तुमच्या स्कूटरवर पडला. या माणसाकडून कोणाला काय धोका होणार?"

कमिटीने एकमताने होकार दिला. पत्र मिळालं, शिक्का, जावक क्रमांक, सगळं. त्यात होतं : 'सदर सभासद हे गेली बत्तीस वर्षे पूर्णतः निरुपद्रवी असून त्यांच्या हातून काही होईल अशी सोसायटीस अपेक्षा नाही.' काम झालं याचा आनंद मानावा की हे वाक्य नोंदीत गेल्याचं दुःख करावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आयुष्यात मला मिळालेलं हे एकमेव शिक्क्याचं प्रमाणपत्र.

मार्चअखेर शिसवाच्या दोन्ही कडांच्या खाचांत राळ भरून मी चौदा पाती बसवली. दिसायला सुरेख. इस्त्रीवाल्याने विचारलं, "बॅट का?" खालच्या मजल्यावरच्या आजींना ते कपडे धुवायचं धोपाटणं वाटलं.  पाती हलवून पाहिली, हलत नव्हती. मला वाटलं, जमलं. मी त्याच रात्री मेस्त्रींना लिहायलाही बसलो, आणि 'राळेने' या शब्दापाशी थांबलो. त्यांनी 'बसतो कसा' असं लिहिलं होतं, पण तीनदा निसटल्यावर त्यांचा खरा प्रश्न टिकतो कसा हाच होता. मारून पाहिल्याशिवाय लिहिणं म्हणजे पुन्हा पान बेचाळीस.

मे महिन्यात समोरच्या मालनताई गावाहून फणस घेऊन आल्या. मालनताई मालवणकडच्या. त्यांचे सासरे गिरणीत होते, त्या स्वतः आता खाणावळीला पोळ्या पुरवतात. फणस कापायचा कोयता त्या गावालाच विसरल्या होत्या. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी म्हणालो, "मी कापून देतो."

"तुमच्या त्या बॅटीन?" त्या हसल्या. "कापा तर! दोन गरे तुमका जास्ती."

आवारात फणस मांडला. बातमी ग्रुपवर गेली आणि निम्मी सोसायटी उतरली. प्रधान सुरक्षित अंतरावर, हातात माझ्या निरुपद्रवीपणाचं पत्र. कोणीतरी मोबाइल धरला. मी डोळे मिटले, हे मला नंतर चित्रफितीत दिसलं. मी दोन्ही हातांनी तलवार उचलली आणि खाली आणली.

धप्प. आत रुतली! चांगली चार बोटं! लोक ओरडले. मी ओढली. ती सुटून वर आली, आणि हातात एका बाजूने गुळगुळीत बॅट होती. त्या बाजूची सातच्या सात पाती फणसात.

 मग प्रधानांनी विचारलं, "झालं?"

"अरे देवा! माझो फणस!" मालनताईंनी कपाळावर हात मारला. "आत काच गेली! आता ह्यो खाणार कोण?"

मी खाली बसून फणसात पाहत होतो. चिकात माखलेली पाती एका ओळीत उभी होती, अगदी मी लावली तशी. खाचेत राळेचा भुगा उरला होता. काचेसारखी तडकली होती राळ. मला खरं तर शरमेने आत जायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. "निसटली!" मी मोठ्याने म्हणालो. "मालनताई, निसटली! त्यांची चूक नव्हती!"

"कोणाची?"

मग मी आवारात, फणसाशेजारी बसून, आयुष्यात पहिल्यांदा पन्नास माणसांसमोर बोललो. मेस्त्रींचं पत्र सांगितलं. सुताराने तीनदा केलं, मी एकदा केलं, दोघांचं निसटलं. चूक हाताची नव्हती.

मालनताईंचा राग अर्ध्यावर थांबला. "सुतार माणूस तो," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्सां तुमी उत्तर नाय दिलास?" मग कमरेवर हात ठेवून त्यांनी बॅटीच्या खाचेत बोट घातलं. "नुसती राळ? भावजी, कोयत्याक मूठ कशी बसयतत ठाव असा? आमचो आजो बसवी. लाख वितळवची, तिच्यात विटेचो भुको घालूचो. नुसती लाख तडकता. भुको घातलो की धरता."

या खेपेला मी तीन भाषांतली अकरा पुस्तकं वाचली होती. विटेचा भुगा एकाही पुस्तकात नव्हता. किंवा असेल, आणि मी ती ओळ तोकडी म्हणून गाळली असेल.

वीट प्रधानांनी दिली, सोसायटीच्या दुरुस्तीतली, रीतसर नोंद करून. गच्चीवर शेगडीही लावू दिली, फक्त 'विधी नाही' अशी पाटी शेजारी ठेवायला लावली. मालनताईंनी स्वतः लाख ढवळली आणि मला दोनदा बाजूला सारलं. फणसातली पाती धुऊन, दुसऱ्या कडेचीही काढून, मी चौदाही पुन्हा बसवली. मागच्या बाजूला घड देऊन झालेली केळ होती, ती तोडायचीच होती. कमिटीच्या मंजुरीने मी तिच्यावर तलवार चालवली, या वेळी डोळे उघडे ठेवून. केळ एका घावात पडली नाही. तीन लागले. नंतर सगळ्यांनी मिळून पाती मोजली. चौदापैकी अकरा जागेवर होती.

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. पाचवा मसुदा, आणि सगळ्यात छोटा.

'श्री. धाकू मेस्त्री यांस, सा. न. वि. वि. आपल्या दि. १४ मे २००६ च्या पत्राला उत्तर द्यायला थोडा उशीर झाला. दगड राळेने बसवला तर निसटतो. माझाही निसटला. लाखेत विटेचा भुगा घातला तर बराचसा बसतो. चौदातली तीन पाती तरीही गेली. ॲझ्टेक लोक नेमकं काय करत, ते मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. पान बेचाळीसवरचा "सहज" हा शब्द माझा होता, तो मी मागे घेतो. आपल्या हातात काहीही चूक नव्हती. तीन पाती का गेली, हे आपल्यासारख्या सुतारालाच कळेल. कळलं तर कळवावं.'

जयंतीने चष्मा लावून वाचलं. तिने पळी सरळ करून आणली होती, ठोकून. फणा जराशी तिरकीच राहिली आहे.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "पण हे काय? थोडा उशीर?"

मी पेन घेतलं आणि 'थोडा' खोडला. त्या जागी दुसरा शब्द सुचेना, म्हणून तशीच जागा सोडली.

टपाल कार्यालयात जाताना वाटेत चौकीत डोकावलो. हवालदार बाई होत्या. "अकरा," मी दारातूनच सांगितलं. त्यांनी शाबास म्हणून अंगठा वर केला. मग मी तिकीट लावून पत्र पेटीच्या फटीत धरलं, आणि जुन्या सवयीने क्षणभर धरून ठेवलं. मागून एक गृहस्थ म्हणाले, "काका, टाकताय ना?"

"टाकतोय," मी म्हणालो, आणि टाकलं.